दरडोई, दररोज, किती युनिट?

पर्यावरण दिन जवळ आला की शाळाशाळांतून घोषणा लिहिल्या जातात आणि त्यांत ‘वीज वाचवा, पृथ्वी वाचवा’ ही घोषणा हमखास असते. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून आम्हाला बोलावले होते. आठवीतल्या एका मुलीने सुबक तक्ता केला होता. मोबाईलचा चार्जर काम झाल्यावर काढून ठेवला तर हवामान बदलाला आळा बसेल, असा त्याचा आशय. आम्ही सहज विचारले, “यातून किती वीज वाचते गं?” ती गोंधळली. तिने आपल्या सरांकडे पाहिले, तेही गोंधळले. खरे सांगायचे तर उत्तर त्या क्षणी आम्हालाही तोंडपाठ नव्हते. बोलता बोलता कळले, की तिच्या घरी दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही एवढीच विजेची उपकरणे. चौघांचे घर, महिन्याचे बिल पन्नास युनिटांच्या आत. म्हणजे माणशी दिवसाला अर्धे युनिटही नाही. जिच्या वाट्याला एवढीच वीज येते, तिच्याकडून आपण नेमकी कोणती काटकसर मागत आहोत?

प्रश्न छोटा आहे, पण हवामान बदल आणि आर्थिक वाढ यांच्या साऱ्या वादाची मेख तिथेच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. ते आता ४२०च्या वर गेले आहेत. कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांचे ज्वलन हे त्याचे मुख्य कारण. हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की ज्यांच्या घरी आजवर पुरेशी ऊर्जा पोहोचली नाही त्यांना ती हवी आहे, आणि शेती, कारखाने, रेल्वे, रुग्णालये यांपैकी काहीच ऊर्जेवाचून वाढत नाही. मग तोल साधायचा कसा? या विषयावर भाषणे पुष्कळ होतात, हिशेब क्वचित होतो. हिशेब करून दाखवणारे एक पुस्तक मात्र आहे. शिक्षकांनी ते अवश्य वाचावे, असे आमचे मत आहे. ते जसेच्या तसे स्वीकारू नये, असेही आमचे मत आहे. या दोन्ही मतांची कारणे येथे देत आहोत.

पुस्तक आणि पुस्तककर्ता

डेव्हिड मकाय हे केंब्रिज विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ. माहिती-सिद्धान्त हा त्यांचा मूळ विषय. ऊर्जेवरील चर्चेत विशेषणे फार आणि आकडे कमी, याचा वीट येऊन त्यांनी ‘सस्टेनेबल एनर्जी : विदाउट द हॉट एअर’ हे पुस्तक लिहिले. २००८च्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले. ‘टिकाऊ ऊर्जा : पोकळ गप्पा वगळून’ असा त्या नावाचा अर्थ करता येईल. सगळे पुस्तक त्यांनी इंटरनेटवर विनामूल्य ठेवले. पुढे २००९ ते २०१४ या काळात ते ब्रिटिश सरकारच्या ऊर्जा व हवामान बदल खात्याचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार होते. तेथे त्यांनी पुढाकार घेऊन करवलेल्या गणकाच्या धर्तीवर आपल्या नियोजन आयोगानेही २०१४ मध्ये २०४७ सालापर्यंतचा ऊर्जा-गणक तयार करवला. एप्रिल २०१६ मध्ये, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी मकाय यांचे निधन झाले.

पुस्तकाची रचना अगदी साधी आहे. मकाय दोन रकाने मांडतात. पहिल्यात खर्च : एका बऱ्यापैकी सुखवस्तू ब्रिटिश माणसाला मोटार, विमानप्रवास, घर गरम ठेवणे, अन्न, वस्तू यांसाठी किती ऊर्जा लागते. दुसऱ्यात जमा : ब्रिटनच्या भूमीवर व समुद्रात वारा, ऊन, लाटा, भरती-ओहोटी, पिके यांतून जास्तीत जास्त किती ऊर्जा मिळू शकेल. दोन्ही रकान्यांना मोजपट्टी एकच : दरडोई दररोज किलोवॉट-तास. हा किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे ‘युनिट’च होय.

ही मोजपट्टी हे पुस्तकाचे सर्वांत मोठे देणे आहे. वर्तमानपत्रांत कधी मेगावॉट येतात, कधी दशलक्ष टन खनिज तेल, कधी पिंपे, कधी ‘अमुक हजार घरांना पुरेल एवढी वीज’. या गोंधळात कोणती गोष्ट मोठी आणि कोणती छोटी हेच कळेनासे होते. सगळे एकाच मापात आणले की लहान-मोठे आपोआप दिसते. मकाय यांच्या हिशेबात दिवसाला ५० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला ४० युनिटे लागतात. वर्षातून एकदा दूरच्या खंडात विमानाने जाऊन येणे, रोजावर वाटले तर ३० युनिटे. मोबाईलचा चार्जर दिवसभर नुसताच लावून ठेवला तर लागते युनिटाच्या शंभराव्या भागाएवढी ऊर्जा. तेवढी ऊर्जा चालती मोटार एका सेकंदात संपवते. त्या मुलीच्या तक्त्याला द्यायचे उत्तर हे होते.

खर्चाची बेरीज मकाय १९५ युनिटांपर्यंत नेतात आणि जमेची १८० युनिटांपर्यंत. पण ही जमा म्हणजे सगळा देश पवनचक्क्यांनी, सौरघटांनी आणि ऊर्जा-पिकांनी व्यापला तरची कमाल मर्यादा. लोकांचे आक्षेप लक्षात घेतले तर १८० पैकी १८च हाती उरतील, असे ते दाखवतात. शेवटी हिशेब जुळवणारे पाच वेगवेगळे आराखडे ते वाचकापुढे ठेवतात. त्यांतील कोणताही निवडा, पण बेरीज जुळली पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून चांगला धडा कोणता मिळणार?

किंमत बाजूला ठेवल्याचा परिणाम

पहिला आक्षेप असा, की पुस्तकाने अर्थकारण जाणूनबुजून बाजूला ठेवले. आपण भौतिक मर्यादांचा विचार करीत आहोत, किमतींचा नव्हे, असे लेखक स्वतःच सांगतात. ही भूमिका समजण्यासारखी आहे. किंमत बदलते, उन्हाची तीव्रता बदलत नाही. परंतु वाचकाच्या मनावर जो ठसा उमटतो तो ‘हे होणे नाही’ असाच, आणि त्यामागे त्या काळच्या किमती लपलेल्या होत्या.

२००८च्या सुमारास साऱ्या जगात सौरघटांची एकूण क्षमता १५ गिगावॉटच्या आसपास होती. मकाय यांनी सौर शेतांतून ब्रिटनसाठी दरडोई ५० युनिटे मिळवण्याचा जो हिशेब केला, त्याला याच्या कितीतरी पट क्षमता लागली असती. साहजिकच तो त्यांना स्वप्नवत वाटला. पुढच्या दशकात सौरघटांची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली, आणि २०२४च्या अखेरीस जगाची क्षमता २००० गिगावॉटच्या पुढे गेली. भौतिकशास्त्राचा एकही नियम बदलला नाही. बदलला तो कारखानदारीचा अनुभव. म्हणून वर्गात सांगताना ‘शक्य आहे का’ आणि ‘परवडते का’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत आणि दुसऱ्याचे उत्तर दर काही वर्षांनी पुन्हा तपासावे.

येथेच मकाय यांची पद्धत आपल्या देशाला लावून पाहू. ब्रिटनमध्ये सपाट जमिनीवर वर्षभराच्या सरासरीने चौरस मीटरला सुमारे १०० वॉट ऊन पडते. आपल्याकडे याच्या साधारण दुप्पट. एक मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला सुमारे दोन हेक्टर जमीन लागते आणि रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळ धरून तो सरासरीने क्षमतेच्या पंचमांश वीज देतो. म्हणजे चौरस मीटरला १० वॉट. भारताची जमीन माणशी भागली तर सुमारे २३०० चौरस मीटर येते. त्यातली एक टक्का जमीन म्हणजे २३ चौरस मीटर आणि तिच्यातून मिळणारी सतत शक्ती २३० वॉट. दिवसाच्या चोवीस तासांत साडेपाच युनिटे! आपला दरडोई वीजवापर वर्षाला १४०० युनिटांच्या आसपास, म्हणजे दिवसाला चारच्या आत आहे. तेव्हा ब्रिटनच्या उन्हावरून काढलेला निराशेचा सूर आपल्याला लागू पडत नाही. अर्थात ही वीज दुपारी मिळते आणि दिवे संध्याकाळी लागतात. साठवणुकीचा खर्च यात धरलेला नाही. पडीक दिसणारी जमीनही कोणाचे तरी गायरान असते. हिशेब दार उघडून देतो, पुढची वाट चालावीच लागते.

सरासरी माणूस कोठे राहतो?

दुसरा आक्षेप ‘दरडोई’ या शब्दावर आहे. सरासरी हे गणितातले सोयीचे साधन आहे, पण सरासरी माणूस कोणत्याही गावात राहत नाही. पुस्तक लिहिले तेव्हा ब्रिटनमध्ये सगळ्या प्रकारची ऊर्जा मिळून दरडोई दररोज १२५ युनिटे वापरली जात. आपल्याकडे हाच आकडा सरपण वगळता आज सुमारे २० आहे. आता या वीस युनिटांच्या आत डोकावून पाहू.

मोठ्या शहरातल्या एका सुखवस्तू घरात रात्री आठ तास वातानुकूलन यंत्र चालते. त्याला आठ-दहा युनिटे. मोटार रोज ३० किलोमीटर धावते. लिटरमध्ये सुमारे १० युनिटे ऊर्जा असते आणि पंधरा किलोमीटरला एक लिटर धरले तर ही झाली २० युनिटे. आणि उपदेश दुसऱ्याला करण्याआधी आमचाही हिशेब मांडतो. एका परिषदेसाठी आम्ही मुंबईहून लंडनला जाऊन आलो. मकाय यांच्या पद्धतीने हा एक प्रवास वर्षभरावर वाटला तर रोजची वीसेक युनिटे होतात. देशाच्या सरासरी माणसाची सगळीच्या सगळी ऊर्जा आम्ही एका परिषदेत संपवली! परिषदेत चर्चा ऊर्जा-बचतीचीही झाली.

आता त्या आठवीतल्या मुलीचे घर घेऊ. वीज माणशी अर्ध्या युनिटाच्या आत. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे सुमारे १८० युनिटे. चौघांना दीड महिना पुरला तर माणशी रोज एक युनिट. बाजारहाटाला एस.टी.ने वीस किलोमीटर. बस लिटरला साडेचार किलोमीटर जाते आणि तिच्यात चाळीस माणसे बसतात असे धरले तर हा प्रवास माणशी एका युनिटाहून थोडा जास्त. एवढ्यात त्यांचे घर चालते. वर्गात ‘आपण सगळ्यांनी थोडे थोडे वाचवू’ असे म्हणताना या दोन्ही घरांना आपण एकाच रांगेत उभे करतो. मकाय यांचा मुद्दा असा, की सगळ्यांनी थोडे थोडे केले तर निष्पन्नही थोडेच होते. आपल्या देशात त्याला जोड द्यावी लागेल : काहींकडे थोडेसुद्धा कमी करण्याजोगे नाही.

युनिटाने काय दिले?

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. युनिटे मोजली, पण त्या युनिटांनी माणसाला काय दिले हे कोण मोजणार? मकाय यांना हा भेद ठाऊक नाही असे नव्हे. विजेवर चालणारी वाहने आणि उष्णता-पंप यांनी तेवढेच काम कमी ऊर्जेत होते, हे त्यांनी उत्तम दाखवले आहे. परंतु ब्रिटनमध्ये हा भेद सोयीचा प्रश्न आहे, आपल्याकडे तो विकासाचाच प्रश्न आहे.

चुलीचे उदाहरण घ्या. एका घरात रोज पाच किलो सरपण जळते. किलोला चार युनिटे धरली तर ही झाली २० युनिटे. पण साध्या चुलीतली दहाएक टक्केच उष्णता भांड्याला लागते. बाकीची भिंतीला, छपराला आणि धूर होऊन आईच्या डोळ्यांत. कामी आली दोनच युनिटे. शेजारच्या घरात सिलिंडर चाळीस दिवस पुरतो. रोजची साडेचार युनिटे, शेगडीची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कामी आली २.७ युनिटे. ‘ऊर्जेचा वापर’ या रकान्यात गरीब घर चौपटीहून मोठे दिसते. प्रत्यक्षात त्याला उष्णता कमी मिळते, शिवाय खोकला आणि सरपणाची पायपीट. येथे ऊर्जा कमी होणे आणि जीवनमान वाढणे या गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत, त्या एकच आहेत.

दिव्यांचेही तसेच. ६० वॉटचा पिवळा दिवा आणि ९ वॉटचा एल.ई.डी. दिवा साधारण सारखाच उजेड देतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक दिवे स्वस्तात वाटले गेले. उजेड कमी न करता वीज वाचली, आणि तीही उपदेशाने नव्हे, वस्तू बदलल्याने.

पण सगळीकडे असे होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पूल, रेल्वे, पाण्याच्या टाक्या, घरे यांना पोलाद लागते. आपला दरडोई पोलाद-वापर वर्षाला सुमारे १०० किलो. जगाची सरासरी याच्या दुप्पट. तेथवर पोहोचायचे तर माणशी आणखी १०० किलो पोलाद हवे. किलोला सहा युनिटे या मापाने वर्षाला ६०० युनिटे, दिवसाला १.६. ही ऊर्जा टाळता येणार नाही. पण तिची तुलना मोटारीच्या वीस युनिटांशी करा. देशाला पोलादाच्या बाबतीत जगाच्या बरोबरीला आणणारी ऊर्जा माणशी दोन युनिटांच्या आत आहे. ‘विकास हवा तर ऊर्जा लागणारच’ हे विधान खरे आहे, पण कोणत्या विकासाला किती, हे विचारल्याशिवाय ते अपुरे आहे.

पुस्तकात नसलेला काळ

चौथा आक्षेप वाढीसंबंधी. मकाय यांचे रकाने एका दिवसाचे आहेत. ते छायाचित्रासारखे स्थिर आहेत. ब्रिटनची मागणी फारशी वाढत नसल्याने त्यांचे यावाचून अडले नाही. आपले अडते. आपल्याला चक्रवाढ व्याजाचे गणित जोडावे लागते, आणि ते आठवी-नववीच्या अभ्यासक्रमात असतेच.

जपानी ऊर्जा-अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी सुचवलेले एक साधे सूत्र येथे उपयोगी पडते. देशाचे कार्बन उत्सर्जन म्हणजे चार संख्यांचा गुणाकार : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, दर रुपया उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा आणि दर युनिट ऊर्जेमागे निघणारा कार्बन. समजा लोकसंख्या वर्षाला १ टक्का वाढली, दरडोई उत्पन्न ५ टक्के वाढले, रुपयामागची ऊर्जा अडीच टक्के घटली आणि युनिटामागचा कार्बन अर्धा टक्का घटला. उत्सर्जन तरीही वर्षाला सुमारे ३ टक्के वाढते आणि तेवीस-चोवीस वर्षांत दुप्पट होते. ते नुसते स्थिर ठेवायचे असेल तर शेवटचे दोन घटक मिळून वर्षाला जवळजवळ सहा टक्के घटले पाहिजेत. कामाचे खरे ओझे केवढे आहे ते या गुणाकारात दिसते.

याच गुणाकाराने एक नेहमीचा गैरसमजही दूर होतो. भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये असे वचन दिले, की २००५च्या तुलनेत २०३०पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर एककामागचे उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करू. ‘भारत उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवणार’ असा त्याचा अर्थ अनेकदा सांगितला जातो. तो चूक आहे. पंचवीस वर्षे सहा टक्क्यांनी वाढणारी अर्थव्यवस्था ४.३ पट होते, तिला ०.५५ने गुणले तर उत्तर येते सुमारे २.४. म्हणजे वचन तंतोतंत पाळूनही एकूण उत्सर्जन दुपटीहून जास्त होऊ शकते. प्रत्यक्षात २००५ ते २०२० या काळात हे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले आणि एकूण कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जन मात्र सुमारे दुप्पट झाले. यात लपवाछपवी काही नाही. ज्या देशाचे दरडोई उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, त्याने असे वचन देणे न्याय्यच आहे. पण हवेला टक्केवारी कळत नाही, तिला टन कळतात. त्यातला मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. टाकी भरते आहे. नळ जरा हळू सोडला म्हणून ती रिकामी होत नाही.

विजेच्या क्षमतेबाबतही असेच. २०२५च्या मध्याला देशाच्या वीजनिर्मिती-क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल सोडून इतर साधनांची झाली. ही निःसंशय मोठी मजल आहे. पण २०२४-२५ या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. कारण उघड आहे. एक मेगावॉट सौर क्षमता दिवसाला सुमारे ४८०० युनिटे देते. कोळशाची एक मेगावॉट क्षमता दोन-तृतीयांश वेळ चालली तरी १६००० देते. किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांतला फरक विद्यार्थ्यांना परीक्षेत दोन गुणांचा वाटतो. देशाच्या हिशेबात तो एवढा मोठा आहे.

ब्रिटनचे काय झाले?

पुस्तकाच्या जन्मभूमीत पुढे काय घडले ते पाहिले तर आमचे आक्षेप आणि पुस्तकाचे गुण दोन्ही स्पष्ट होतात. १९९०च्या तुलनेत ब्रिटनच्या भूमीवरील हरितगृह वायूंचे उत्सर्जन आज सुमारे निम्म्यावर आले आहे, आणि त्याच काळात अर्थव्यवस्था सुमारे ८० टक्क्यांनी वाढली आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील तेथले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. ऊर्जेशिवाय वाढ नाही, कोळशाशिवाय ऊर्जा नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे, आणि ते मान्य केले पाहिजे.

पण त्याच दिवशी वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टीही थंड झाली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी उभारण्याची योजना आहे. त्याच महिन्यात, २० सप्टेंबर रोजी, याच कंपनीने ओडिशातील कलिंगनगर येथे भारतातली सर्वांत मोठी झोतभट्टी पेटवली. एकीचा कार्बन दुसरीकडे गेला, असे सरळ समीकरण आम्ही मांडत नाही. कलिंगनगरचे पोलाद मुख्यतः आपल्याच वाढत्या गरजेसाठी आहे. एवढेच सांगायचे आहे, की ज्या देशाचे पूल आणि रेल्वे शतकापूर्वी बांधून झाले त्याला भंगार वितळवून भागवता येते. ज्याला ते अजून बांधायचे आहेत त्याच्याकडे तेवढे भंगारच नाही. आणि बाहेरून आयात केलेल्या वस्तूंतला कार्बन ब्रिटनच्या भूमीवरच्या हिशेबात येत नाही. मकाय यांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले होते. आयात वस्तूंमागची ऊर्जा त्यांनी वेगळी काढून दाखवली होती आणि ब्रिटनची ऐतिहासिक जबाबदारीही मांडली होती. त्यांच्या पुस्तकाचा हवाला देणारे मात्र ही पाने सहसा उघडत नाहीत.

वर्गात काय करावे?

पुस्तकाची पद्धत घ्यावी आणि रकाने आपले आखावेत, अशी आमची सूचना आहे. आठवी ते बारावीच्या कोणत्याही वर्गात पुढील काम दोन तासिकांत होते.

१. प्रत्येकाने घरचे वीजबिल आणावे. महिन्याची युनिटे, भागिले तीस, भागिले घरातली माणसे.

२. सिलिंडर किती दिवस पुरतो ते विचारावे. १८० भागिले दिवस, भागिले माणसे. चूल असेल तर सरपण अंदाजे तोलून किलोला चार युनिटे धरावीत.

३. पेट्रोल-डिझेल लिटरला दहा युनिटे. बस असेल तर प्रवाशांच्या संख्येने भागावे.

४. प्रत्येक आकड्यापुढे दुसरा रकाना काढावा : ‘यातून काय मिळाले?’ उजेड, शिजलेले अन्न, शाळेपर्यंतचा प्रवास, ओलित झालेली पिके.

५. शेवटी तिसरा रकाना : ‘हेच कमी युनिटांत किंवा कोळशावाचून मिळेल काय?’

एक काळजी मात्र घ्यावी. मुलांच्या बेरजा फळ्यावर नावानिशी लिहू नयेत. लहान आकडा ही लाजेची गोष्ट नाही आणि दर वेळी कौतुकाचीही नाही; कधी ती काटकसर असते, पण बहुधा ती उणीव असते. या दोहोंतला फरक ओळखता आला, की ऊर्जा आणि विकास यांच्या तोलाचा प्रश्न विद्यार्थ्यांना निम्मा समजला असे मानायला हरकत नाही. काही युनिटे वाढायला हवीत, काही बदलायला हवीत, काही घटायला हवीत. कोणती कोणाची, हे घोषणा सांगत नाही, भागाकार सांगतो.

त्या प्रदर्शनात आम्ही त्या मुलीच्या तक्त्याला दुसरा क्रमांक दिला होता. आज पुन्हा बोलावणे आले तर तिच्याकडून चार्जरऐवजी घराचा हिशेब मागू, आणि त्याच्या शेजारी आमचाही हिशेब लावू. तिला तो तपासू द्यावा. परीक्षकाचे काम त्या दिवशी तिने करावे.